हिलालनानांचे मागचे डाव

अक्कलकुव्याच्या बस स्टँडावर तीसेक वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढल्यामुळे हिलालनानांना दोन आवाज होते. एक घरचा, अहिराणीतला, तसा हळू. दुसरा भोंग्यातला, शुद्ध पुस्तकी मराठीतला. निवृत्त झाल्यावर भोंगा गेला, आवाज मात्र राहिला. चहा उकळला की नाना मागच्या खोलीकडे तोंड करून पुकारत, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. चहा ओट्यावर लागलेला आहे." प्रवासी म्हणजे मी एकटाच.

मी सोलापूरकडचा. इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवायला आलो आणि नानांच्या घराची मागची खोली भाड्याने घेतली. घर बघायला गेलो त्या दिवशी भाड्याचं बोलणं निघायच्या आधीच त्यांनी विचारलं होतं, "सर, पत्ता खेळतस का तुम्ही?"

मी म्हटलं, नाही.

"चाली जाई. मी शिकाडी दिसू."

माझ्या अंगात नसलेली एकच पात्रता त्यांना हवी होती, आणि तीही ते स्वतःच द्यायला तयार होते. मी खोली घेतली.

नाना उंच, वाळलेले, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, खांद्यावर पंचा, अंगात बिनबाह्यांचं बनियन. चालताना पुढे वाकत नसत, मागेच किंचित झुकत, गाडी फलाटाला लावताना ड्रायव्हरला 'येऊ द्या, येऊ द्या' करणारा माणूस जसा मागे मागे सरतो तसे. दहा मिनिटांसाठी पानाच्या टपरीवर गेले तरी घराला कुलूप लावत आणि किल्ली बनियनच्या आतल्या खिशात टाकत. मी एकदा म्हटलं, नाना, मी आहे की घरी. ते म्हणाले, "तुम्ही मांगे शेतस. पुढे कोन शे?"

दर रविवारी दुपारी ओट्यावर डाव बसे. तीन पत्ती. पैसे नाहीत, चिंचोके. नाना, मी, ग्रामीण रुग्णालयातले कंपाउंडर गावित आणि रतिलालभाई. गावित नवापूरकडचे, बारीक, हसरे. रतिलालभाई तापीकाठचे गुजर शेतकरी. केळी, ऊस, सगळं मुलाच्या हवाली करून गावात राहायला आलेले आणि पत्त्यात कायम हरणारे. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: प्रत्येकाला तीन पत्ते, बघून खेळायचं किंवा न बघता ब्लाइंड, हातात दम असेल तर चिंचोके लावत चाल करत राहायचं, नसेल तर 'पॅक' म्हणून पत्ते टाकून द्यायचे. दम नसतानाही चाल करता येते. सगळी गंमत तिथेच आहे.

रतिलालभाई तीन-चार डाव सलग हरले की चिंचोके पुढे सरकवत म्हणायचे, "आता तर मन्हाच नंबर. इतलं खराब आयं, आता चांगलं यायलाच पाहिजे."

यावर मी आणि नाना एकाच वेळी मान हलवायचो. मी मास्तरकीच्या सवयीने समजावून सांगायचो की पत्ते पिसले की मागचं सगळं संपलं. पत्त्यांना आठवण नसते. तुम्ही चार वेळा हरलात हे गड्डीला कोण सांगणार? नानांना हे फार आवडे. त्यांना ते आधीपासूनच ठाऊक होतं, पण शिकलेला माणूस आपल्या बाजूने बोलतोय याचं अप्रूप होतं. मग ते माझ्याकडे वळून म्हणत, "पत्तास्ले याद ऱ्हास नई, हाई तुमन्हं खरं शे. पन मानूसले ऱ्हास ना, सर. मंग मी मानूसना डाव याद ठेवस."

आणि खरंच ठेवत. कोणी कधी, कोणत्या पत्त्यांवर, किती वेळा चाल केली हे त्या माणसाला महिनोन् महिने आठवे. रतिलालभाईंना ते म्हणत, "पोळाना दिन तुन्हा हातमा दुर्री-तिर्री व्हती, तरी तू तीनदा चाल करेल व्हती. आज मी कसा भिऊ?" आणि शो मागत, म्हणजे पत्ते उघडे करायला लावत. रतिलालभाईंच्या हातात खरंच काही नसे. ते पत्ते आपटून म्हणत, "हा माणूस आहे का तलाठी?"

एका रविवारी नानांच्या हातात एक्क्याचा कलर होता, तिन्ही पत्ते बदामाचे. हातात असं काही आलं की मी तर खुर्चीतून उठतो. गावितांनी तिसरी चाल केली आणि नानांनी शांतपणे पत्ते पालथे टाकले. पॅक. डाव संपल्यावर मी त्यांचे पत्ते उलटे करून पाहिले आणि ओरडलोच. गावितांनी आपले दाखवले. पाच-सहा-सात, रन. कलरच्या वरचा.

"कसं कळलं?"

"गावित भाऊना हातमा काही नई ऱ्हायनं का तो गप्पा मारस. दवाखानानं सांगस, पोरस्नं सांगस. आज पत्ता उचलात आनि गप. पानीबी मांगं नई."

गावित हसून हसून बेजार झाले. पुढच्या रविवारपासून त्यांनी मुद्दाम गप्पा मारायला सुरुवात केली. नानांनी दोन रविवार ते नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या रविवारपासून खऱ्या गप्पा कोणत्या आणि बनावट कोणत्या हेही ओळखू लागले.

आमचं भांडण व्हायचं ते पुढे. मी म्हणायचो, नाना, माणूस म्हणजे काही गड्डी नव्हे हे मान्य. पण म्हणून तो काल जे करत होता तेच आज करील असं कुठाय? मागच्या डावावरून अंदाज बांधा, पण निकाल देऊ नका. नाना यावर नुसतं "हूं" करत. त्यांच्या "हूं"चा अर्थ 'तुम्ही अजून लहान आहात' असा असे. चार वर्षं आम्ही हे भांडण जपून वापरलं. चहाबरोबर खायला काही नसलं की ते काढायचं.

त्यांच्या बाजूनेही बोलायला पाहिजे. हा हिशोब त्यांनी पत्त्यांवरून काढलेला नव्हता, स्टँडवरून काढला होता. गावितांनी सांगितलेली गोष्ट आहे. भर पावसाळ्यात धडगावहून येणाऱ्या गाडीत एक बाळंतीण अडलेली होती, तिला नंदुरबारला न्यायचं होतं. त्या वेळी इथे दुसरं वाहन मिळण्यासारखं नव्हतं. नंदुरबारची गाडी भरून तयार, प्रवासी ओरडतायत, आणि धडगावच्या गाडीचा ड्रायव्हर रायसिंग याने मोलगीहून निरोप दिला, घाटात दगड आलेत, पण मी येतो. नानांनी भोंगा हातात घेतला आणि सांगितलं की नंदुरबारची गाडी थांबणार आहे. लोकांनी शिव्या घातल्या. एकाने कॉलर धरली. नाना हलले नाहीत. रायसिंग 'येतो' म्हणाला आणि आला नाही असं अकरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं, एवढाच त्यांचा आधार. पाऊण तासाने देवगोई घाट उतरून रायसिंगची गाडी आली. "दुसरा कोनी ड्रायव्हर ऱ्हाता तं मी गाडी सोडी देतू," असं नाना नंतर म्हणाले म्हणे. बाळंतीण वाचली. मूलही वाचलं. अशी गोष्ट पदरी असलेल्या माणसाला गणिताच्या मास्तराने काय शिकवायचं?

आता घरातलं.

नानांना एका माणसाचा स्वयंपाक येत नसे. मी राहायला गेलो त्याच्या आदल्या वर्षी त्यांची बायको वारली होती. तिला मी पाहिलेलं नाही. ती गेल्यावर त्यांनी चूल हातात घेतली, पण माप तिचंच राहिलं. दोघांची डाळ, दोघांची कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकर. संध्याकाळी दारावर थाप पडे आणि झाकलेलं ताट घेऊन नाना उभे. "उरनं," एवढंच म्हणत. रोज उरे. कमी करा म्हटलं तर म्हणत, "हातले समजत नई." हातात घड्याळ असताना ते मला येऊन वेळ विचारत. मी वेळ सांगे. ते मनगटाकडे बघून "बराबर शे" म्हणत आणि दारातच थोडा वेळ उभे राहत. सुरुवातीला मला याचा कंटाळा येई. त्या कंटाळ्याची आज लाज वाटते.

एकच मुलगी, सुनंदा. दिलेली सुरतेला, उधन्यात. जावई कापड मार्केटात कामाला. चाळिशीच्या आसपासची ही बाई मी चार वर्षांत घरी आलेली पाहिली नाही.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. पुरुष त्या दिवशी उघडपणे पत्ते कुटतात, एरवी नाकं मुरडणारे म्हातारेसुद्धा. पण लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचं कोणीतरी जावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी बहुधा भाऊ असतो. सुनंदाला भाऊ नव्हता, म्हणून नानाच मुराळी. आणि मुराळी फोन करून विचारत नाही की येऊ का. तो येणार हे धरलेलंच असतं.

बायको गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला नाना गेले आणि एकटे परत आले. सुनंदा म्हणाली, मुलाची परीक्षा आहे. दुसऱ्या वर्षी गेले. घरी पाहुणे येणार होते. तिसऱ्या वर्षी शिवणाची कामं घेतलेली होती, द्यायची होती. तिन्ही वेळा तिने जेवू घातलं, दोन दिवस राहा म्हणाली, आणि स्टँडवर पोचवायला आली. ही तिन्ही कारणं नाना मला डाव सांगावेत तशी क्रमाने सांगत. त्या तिसऱ्या वर्षी ते परत आले तेव्हा मी घरी होतो. पिशवीतून त्यांनी सुनंदाने दिलेल्या सांजोऱ्या काढल्या, माझ्या हातावर ठेवल्या आणि ओट्यावर जाऊन बसले. गल्लीत तीन घरी झोके होते. पोरीबायकांचा नुसता गलका चालला होता. नानांनी त्या दिवशी पत्त्यांना हात लावला नाही.

चौथ्या वर्षी आखाजीच्या आधीच्या रविवारी पत्ते पिसता पिसता म्हणाले, "यंदा मी जावाव नई."

रतिलालभाईंनी हातातले चिंचोके खाली ठेवले.

"तीनदा गऊ, तीनदा रिकामा उनू. जो मानूस तीन डाव पॅक करस, तो चौथा डावलेबी पॅकच करस. आते काय देखानं?" मग माझ्याकडे वळले. "तुम्हले काय वाटस, सर?"

मी जन्मभर मुलांना सांगत आलो आहे की मागच्या तीन फेऱ्यांनी चौथी ठरत नाही. नानांशी इतकी वर्षं याच गोष्टीवरून भांडत होतो. पण त्या दिवशी ऊन फार होतं, माझ्या पेपर तपासणीची घाई होती, आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्या माणसाने इतक्या लांब जाऊन पुन्हा हात हलवत यावं हे मला बघवलं नसतं. मी म्हणालो, "तुमचंच खरं आहे, नाना. नका जाऊ."

त्यांनी मान हलवली आणि पत्ते वाटले. एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी पहिल्यांदाच सहमत झालो होतो, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्याचा आनंद दिसला नाही.

आखाजी झाल्यावर आठवड्याभराने रतिलालभाई भर दुपारी, रविवार नसताना, ओट्यावर आले. त्यांची पुतणी सुनंदाच्याच इमारतीत राहते. ती माहेरी आली होती, तिने सांगितलं होतं. सुनंदा आखाजीच्या आधी दोन दिवस पिशवी भरून बसली होती. जिन्यात पाऊल वाजलं की गॅलरीत जाऊन बघत होती. पुतणीने विचारलं तेव्हा म्हणाली होती, "तीन साल हिंमत व्हयनी नई. आई नई त्या घरमा कसं जावानं? यंदा मन घट्ट कयं शे."

परीक्षा नव्हती. पाहुणे नव्हते. शिवणकाम नव्हतं.

नाना भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "माले सांगं काब्र नई?" आणि मग स्वतःच, "मी विचारं काब्र नई?" मी मागच्या खोलीत निघून गेलो. मला त्यांच्यासमोर उभं राहवेना. त्या संध्याकाळी दारावर थाप पडली नाही.

त्यांनी फोन केला असेल असं कोणालाही वाटेल. केलाही. मी शेजारच्या खोलीत होतो, फोनचा स्पीकर चालू होता. "बरी शे का?" "हा." "जावाई?" "बरा शेत." "ऊन भलतं शे आठे." "आठेबी शे." भोंग्यावरून अर्ध्या गावाला ऐकू जाणारा माणूस तेवढंच बोलला आणि फोन ठेवला.

त्यानंतर रविवारचा डाव चालू राहिला, पण नाना खेळताना चुकू लागले. गावित गप्प बसले तरी ते चाल करत. रतिलालभाई जिंकू लागले आणि त्यांना ते आवडेना. एकदा ते वैतागून म्हणाले, "हिलाल, तू मुद्दाम हरतोस." नाना म्हणाले, "नई रे. आते कोन्हा डाव माले खरा वाटत नई."

पाचव्या वर्षी नाना मला म्हणाले, "सर, तुम्ही संगे चाला." मी निघालो. सकाळची गाडी, सागबारा, डेडियापाडा, पुढे सुरत. नानांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता आणि सबंध वाट ते खिडकीतून प्रत्येक स्टँडवरच्या नियंत्रकाच्या केबिनकडे बघत होते. एका ठिकाणी म्हणाले, "हाऊ झोपना शे."

सुनंदाने दार उघडलं. अगदी नानांचीच उंची, तशीच मागे किंचित झुकून उभी राहायची ढब. मला ती बघून धक्काच बसला. तिने पाणी दिलं, रस-पोळीचं जेवण वाढलं, माझी चौकशी केली. नानांच्या पानात न विचारता दुसऱ्यांदा भात वाढला. हात धुऊन झाल्यावर नाना म्हणाले, "चाल बेटा. पिशवी भर. घर चाल."

तिने ताटं उचलून मोरीत ठेवली आणि वळली.

"नाना, मागला साल मी दोन दिन पिशवी भरीसन बठेल व्हतू."

"मालूम शे माले."

"तुम्ही उनात नई."

"चुकनू मी. यंदा उनू ना."

"यंदा उनात," सुनंदा म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "पुढला साल येशात का?"

"येसू."

"मंग पुढला साल देखसूत."

नानांनी पुढे आग्रह केला नाही. पत्त्यांच्या डावात समोरच्याने बरोबर ओळखलं की ते जसं डोकं किंचित हलवत, तसं हलवलं. सुनंदा आम्हाला पोचवायला स्टँडवर आली, गाडी सुटेपर्यंत उभी होती, आणि गाडी सुटल्यावर पदराने डोळे पुसताना मला दिसली. नानांना दिसली नाही. ते पुढे बघत होते. मी त्यांना ते सांगितलं नाही. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. बहुतेक मागच्या वर्षीच्या सल्ल्यानंतर या बापलेकीत तोंड घालायची माझी हिंमत राहिली नव्हती.

सागबाऱ्याच्या पुढे आल्यावर ते म्हणाले, "सर, ती तीनदा पॅक व्हयनी. मी एकदाच. पन मन्हा एकच डाव तिना ध्यानमा ऱ्हायना." मग म्हणाले, "बराबर शे तिनं. मीबी असंच करतू."

त्या पावसाळ्यात माझी बदली शहाद्याला झाली. निघताना नानांनी गड्डी पुढे केली, एक डाव खेळून जा म्हणाले. दोघांतच खेळलो. कोण जिंकलं ते आठवत नाही.

पुढच्या आखाजीच्या सकाळी मी शहाद्याहून पहिल्या गाडीने अक्कलकुव्याला आलो. नानांसोबत सुरतेला जायचं मनात होतं. त्यांना कळवलं नव्हतं, कारण कळवलं तर ते नको म्हणाले असते. पोचलो तर घराला कुलूप. गल्लीतल्या बाईने सांगितलं, नाना पहाटेच्या गाडीने गेले. मी हळहळत ओट्यावर बसलो. समोरच्या कडुलिंबाला झोका बांधायचं काम चाललं होतं. अकराच्या सुमाराला एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून सुनंदा उतरली.

एकटी. हातात पिशवी. तिने आधी कुलपाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नाना?"

"ते सुरतेला गेलेत," मी म्हणालो. "तुम्हाला आणायला. पहाटेच."

ती ओट्याच्या पायरीवर बसली. "माले वाटनं, नई येवावत," ती म्हणाली. "एक साल नई उनात, तं मी म्हंतं, यंदाबी नई येवावत. पन मी म्हंतं, आते आपुनच जाऊत. कोनले ना कोनले तं जावानंच." आणि मग तोंडावर पदर घेऊन रडली. गल्लीतल्या बाया झोका सोडून जमा झाल्या. मुराळी आला नसताना लेक आपली आपण आली होती, आणि मुराळी तिच्या बंद दारापुढे उभा होता. त्या बायांना यात काही समजावून सांगावं लागलं नाही.

मी नानांना फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला. मागे जिन्यातली वर्दळ ऐकू येत होती.

"सर, आठे कुलूप शे," ते म्हणाले. आवाज पार गेलेला. "शेजारन सांगस, ती सकायमाच कोठे गयी. मी येवाव हाई तिले मालूम व्हतं, तरी गयी."

"नाना, ती इथे आहे. तुमच्या ओट्यावर."

पलीकडे जिना उतरणारी पावलं वाजू लागली.

मग एकदम तो जुना, स्टँडवरचा आवाज आला, इतका मोठा की सुनंदाने वर बघितलं. पण भाषा मात्र घरची होती. "तिले सांगा, तथाच बठी ऱ्हाय! कोठेच जाऊ नको म्हना! मी निंघनू!"

ती दिवसभर तिथेच बसली. शेजारणीने आत बोलावलं, जेवायला चल म्हणाली. नको म्हणाली. पाणी आणून दिलं, दोन घोट घेतले. वैशाखाचं ऊन ओट्यावर आलं तशी ती भिंतीच्या सावलीबरोबर सरकत गेली, पण ओटा सोडला नाही. दुपारी रतिलालभाई आणि गावित आखाजीचा डाव मांडायला गड्डी घेऊन आले, बघितलं, आणि चपला हातात घेऊन तसेच गल्लीच्या टोकाला जाऊन बसले. माझी परतीची गाडी केव्हाच गेली होती.

दिवेलागणीच्या आधी नाना आले. स्टँडपासून चालत. सदरा पाठीला चिकटलेला, चष्मा एका कानावर. लेकीसमोर येऊन थांबले. दोघांपैकी कोणीही पाया पडलं नाही, जवळ घेतलं नाही. नानांनी खिशातून किल्ली काढली आणि कुलपाला लावायला गेले, पण चष्मा एका कानावर असल्याने भोकच सापडेना. सुनंदाने त्यांच्या हातातून किल्ली घेतली आणि कुलूप उघडलं. दार ढकललं आणि उंबऱ्यापाशी थांबली.

आत अंधार होता. आई गेल्यापासून ती त्या घरात शिरली नव्हती. मला वाटलं नाना काही म्हणतील, दिवा लावतील, पुढे होतील. ते दोन पावलं मागे सरकले आणि ओट्यावर उभे राहिले, पिशवी खांद्यालाच. सुनंदा एकटीच आत गेली.

नाना आठवले की मला ते असेच दिसतात. दाराकडे तोंड करून, कान देऊन उभे असलेले. आतून तिची पावलं ऐकू आली. मग माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ सुनंदाचा, "नाना, यामा पानीच नई!" तेव्हा कुठे नाना खाली बसले.